अहो, काही नाही

रिमोट बंद केला आणि गाडी चालायला लागली.

मी उलटं सांगत नाहीये. रिमोट चालू केला की गाडी चालते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी बंद केला होता. बटण दाबलं, हिरवा दिवा विझला, रिमोट टेबलावर ठेवला. आणि पुढच्या खोलीत मधोमध उभी असलेली ती हातभर लांबीची गाडी आपली आपण निघाली. जोरात नाही. जेवण झाल्यावर माणूस घरातल्या घरात फेऱ्या मारतो, तशी. पुढची चाकं जराशी डावीकडे वळलेली. टेबलाखालून गेली, ह्यांच्या खुर्चीला वळसा घातला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला येऊन टेकली. टेकली तरी थांबेना. कण्हल्यासारखा बारीक आवाज करत तिथेच ढुशा देत राहिली.

ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना. आणि माझा आवाज काही साधासुधा नाही. दवाखान्याच्या खिडकीत बसून दुपारपर्यंत पेशंटांच्या नावाचा पुकारा करते मी. समोरचा चप्पल शिवणारा म्हणतो, बाई, तुमच्या हाकेनं बरा झालेला माणूसही उठून आत जाईल. तो आवाज त्या दुपारी घशात अडकून बसला. बऱ्याच वेळाने मी वाकले आणि गाडीच्या कडेचं बटण दाबून तिला बंद केलं.

हे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात माणसांची ये-जा थांबली होती आणि एकटीसाठी किती भात लावायचा याचा अंदाज मात्र अजून आला नव्हता.

हे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मेकॅनिक होते. अख्ख्या गावाला पाणी चढवणारे ते मोठाले पंप, त्यांची नाडी ह्यांच्या हातात. पंप बिघडायच्या आधी ह्यांना कळायचं. शेजारच्या स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, मान कलती करायची आणि बेअरिंगचा आवाज ऐकायचा. त्या सकाळी असेच बसले आणि उठलेच नाहीत. बरोबरच्या माणसाला वाटलं, ऐकतायत. बराच वेळ त्याने ह्यांना हाकसुद्धा मारली नाही, कामात व्यत्यय नको म्हणून. मरतानासुद्धा कोणाला त्रास म्हणून द्यायचा नाही, हा कसला स्वभाव म्हणायचा? मला अजून राग येतो त्याचा.

ह्यांना एकच नाद. ना विडी, ना पत्ते. गाडी. मैदानातल्या मातीवर पळवायची, रिमोटवरची. मी तिला सवत म्हणायचे आणि हे नुसते हसायचे. पंपघरातून आले, हातपाय धुतले, की पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसायचे ते मी जेवायला हाक मारीपर्यंत. टेबल अशा जागी की स्वयंपाकघराचं दार ह्यांच्या डाव्या हाताला. दारात उभी राहून मी म्हणायचे, "अहो." मग मान आधी वळायची, मागून खांदे, मागून हातातलं जे काय असेल ते. रोज जगाला नावानं हाका मारणारी बाई मी, पण घरी माझी हाक एवढीच.

ह्यांना नावानं कोणीच हाक मारायचं नाही. पंपघरात मेकॅनिक, मैदानावर पंपवाले, धाकट्या भावाचे दादा आणि माझे अहो. संपलं.

मैदानाचं सांगायला हवं. वीटभट्टी उठून गेलेली मोकळी जागा ती. तिथे ह्या सगळ्या वयाने वाढलेल्या पोरांनी वळणं, उंचवटे काढून रस्ता केलेला. आणि माती अशी विचित्र, की खाली दगडासारखी कडक आणि वर पिठासारखा भुसभुशीत थर. चाकाला धरायला काही सापडतच नाही. बाहेरगावचे लोक झकपक गाड्या घेऊन यायचे आणि पहिल्या वळणावर लोळण घ्यायचे. हे म्हणायचे, माती काही आपल्यासाठी बदलणार नाही, बदलायचं ते गाडीने. मी म्हणायचे, एवढं शहाणपण नवऱ्यांना का नाही सुचत?

पळवणारे सगळे एका लाकडी मचाणावर ओळीने उभे राहतात. मचाणाच्या डाव्या बाजूला पत्र्याची शेड, तिथे आम्ही बायका डबे घेऊन बसतो. मग व्हायचं काय, की शेडमधून कोणीतरी "अहो" म्हणायची. ती म्हणायची आपल्या नवऱ्याला, पण मचाणावरच्या एकूण एक नवऱ्याची मान डावीकडे वळायची. मानेबरोबर हात, आणि हाताबरोबर गाड्या. सगळ्यांच्या सगळ्या डाव्या बांधावर जाऊन आपटायच्या. एकदा मीच हे केलं आणि शर्यत पुन्हा घ्यावी लागली. तेव्हापासून शेडवर पाटी आहे. शर्यतीआधी गाड्यांची तपासणी करणाऱ्या घड्याळजींनी स्वतःच्या सुबक अक्षरात लिहिलेली: गाड्या पळत असताना 'अहो' म्हणू नये.

तर, ती दुपार. रात्री गाडी कपाटात ठेवून मी कडी लावली. कपाटात आतून काही वाजतंय का, ते ऐकत पडले. काही वाजलं नाही. म्हटलं, भास झाला असेल. एकटं राहिलं की मनात नाही नाही ते येतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले आणि पुन्हा गाडी काढली. आधी रिमोट चालू, मग गाडी. हा क्रम ह्यांना हजारदा करताना बघितला होता. गाडी शांत उभी. मी रिमोटला काहीच केलं नाही, तिनेही काही केलं नाही. मग रिमोट बंद केला. चाकं डावीकडे वळली आणि निघाली. टेबलाखालून, खुर्चीला वळसा, अंगठा.

मी तिला विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

ती ढुशा देत राहिली.

त्यानंतर मी रोज तेच केलं. लाज कशाला वाटायची, माझंच घर, माझाच माणूस. कपडे बदलायचे, चहा ठेवायचा, आणि तो उकळेपर्यंत दारात उभं राहून म्हणायचं, "अहो." आणि मग रिमोट बंद करायचा. ह्या क्रमात फसवाफसवी आहे हे मला समजत होतं. अहो न म्हणता बंद केला असता तरी ती आलीच असती. पण समजणं वेगळं आणि हाकेला कोणीतरी वळतंय हे बघणं वेगळं. बॅटरी चार्ज करायलाही शिकले. बॅटरी उतरत आली की गाडी जास्तच हळू यायची, दमून आल्यासारखी, आणि तेव्हा मला गलबलून यायचं.

ती नेहमी त्याच वाटेने यायची. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. पुढच्या खोलीत झाडू मारताना त्या वाटेवर केर नसायचाच. शेजारची म्हणाली, "तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत का? बोलण्याचा आवाज येतो." मी म्हटलं, रेडिओ. ती म्हणाली, रेडिओला तुम्ही अहोजाहो करता? तिचे कान तिखट आहेत.

भीती गेली होती असं मात्र नाही. हाक मारली, आले, इथवर बरं वाटायचं. पण नंतरचं ते ढुशा देणं बघवत नसे. माझ्या पायाशी पोचूनही काहीतरी राहिलेलं असावं आणि ते मला समजत नसावं, असं वाटायचं. कधीकधी मी पाय बाजूला घ्यायचे. मग ती तशीच पुढे जायची, वळत वळत पुन्हा खुर्चीमागून यायची आणि पुन्हा शोधायची. मी बंद करीपर्यंत.

एका रविवारी सकाळी धाकटा दीर आला. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणतात. मीही अरेतुरेच करते, माझ्यासमोर वाढलेला. व्हॅन चालवतो, लग्न केलेलं नाही. विचारलं की म्हणतो, दादाचं बघितलंय ना मी.

"वहिनी, यंदाच्या शर्यतीत दादाची गाडी मी पळवतो."

मी हातातली बशी खाली ठेवली. "तुझी आहे ना एक?"

"आहे. पण दादाने अख्खं वर्ष हिच्यावर घातलंय. त्या शेवटच्या वळणासाठी. तिथे सगळी भुकटी साचते, कोणालाच वेगात घेता येत नाही. दादा म्हणायचा, ही गाडी घेईल. नुसतं टेबलाशी बसून केलेलं राहिलं ते. कोणी बघितलंच नाही."

हे त्याचं खरं होतं. रोज संध्याकाळी त्या टेबलावर काय चालतं ते मी पाठमोरी, पोळपाटाकडे बघत ऐकलेलं. एवढ्या मेहनतीचं चीज व्हावं असं मलाही वाटत होतं. पण गाडी त्याच्या हातात गेली की माझी दुपार गेली. ते त्याला कसं सांगायचं?

"घरी बसूनच काय करायचं ते कर," मी म्हटलं. "गाडी रात्री इथेच राहील."

तो म्हणाला, बरं.

बारक्याने गाडी टेबलावर घेतली आणि लगेच आपली अक्कल चालवायला सुरुवात केली. तो व्हॅनवाला, त्याला सगळं घट्ट लागतं. स्प्रिंगा काढून कडक घातल्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये जाड तेल भरलं. गाडी टेबलापासून वीतभर वर उचलली आणि सोडली.

टक्क.

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "चुकलं."

"काय चुकलं?"

"आवाज. ह्यांची पडायची तेव्हा थप्प व्हायचं. ओलं फडकं पडल्यासारखं. टक्क झालं की हे म्हणायचे, कडक आहे, मातीशी भांडेल."

त्याने पुन्हा सोडली. पुन्हा टक्क. मग त्याने मुकाट्याने ह्यांच्या मऊ स्प्रिंगा परत चढवल्या. जाड तेल काढून पातळ घातलं. मागच्या चाकांची टोकं किंचित आत वळवलेली होती, ती त्याने सरळ केलेली, ती पुन्हा आत घेतली. बॅटरी बोटभर मागे सरकवली, म्हणजे वजन मागच्या चाकांवर पडेल आणि ती माती धरतील. टायरही ह्यांचेच चढवले, लांब दातांचे, मऊ रबराचे. गाडी सोडली.

थप्प.

ह्यांचं जेवण झाल्यावर समाधानाने पोटावरून हात फिरवण्याचा एक प्रकार होता, तो मला का कोण जाणे आठवला. बारक्याने बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला, "तेल लागलं डोळ्यात."

"लागतं," मी म्हटलं.

तो रोज यायचा, रोज नीट क्रमाने बंद करायचा. आधी गाडी, मग रिमोट. भावाच्या शिस्तीतला. त्यामुळे त्याला काही दिसलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. तो गेला की माझं चालूच.

शर्यतीच्या सकाळी मैदानावर गेलो. ह्यांच्या माघारी मी पहिल्यांदाच गेले. बायकांनी शेडमध्ये सरकून जागा केली, कोणी जास्त विचारलं नाही. सगळ्यांच्या चपलांवर पांढरी भुकटी. मला वाटलं, गाडी पळेल, बारक्या घरी आणून देईल आणि संध्याकाळी मी अहो म्हणेन. तपासणी असते हे ठाऊक होतं, पण काय तपासतात ते कधी बघितलंच नव्हतं. टायर-बियर बघत असतील.

शेडच्या बाजूलाच घड्याळजी स्टूल टाकून बसले होते. बारीक अंगाचा, डोळ्याला भिंग लावून लावून एक डोळा बारीक झालेला माणूस. ह्यांचा जुना मित्र. त्यांनी गाडी हातात घेतली, पुढच्या स्प्रिंगेवर बोट दाबलं आणि हळूच म्हणाले, "पंपवाल्यांची आहे, कळतंय." मग खाली ठेवली. "बारक्या, रिमोट बंद कर. सिग्नल तुटल्यावर थांबते का बघू."

"अरे नको," मी म्हटलं. पण तोवर त्याने दाबलं होतं.

चाकं डावीकडे वळली. गाडी निघाली.

बारक्या रिमोटकडे बघतोय, रिमोटचा दिवा विझलेला. गाडी आपली धुळीतून संथ चाललीय, मागे दातांची नक्षी सोडत. घड्याळजींनी पाय वर घेतले. ओळीत उभी असलेली माणसं मागे सरकली. ती स्टुलाला वळसा घालायला लागली. शेडमधल्या एका बाईने माझा दंड धरला. मी तो सोडवला आणि थोडी पुढे जाऊन एका जागी उभी राहिले. ती कुठे येणार ते मला पाठ होतं. तशी ती आली आणि माझ्या चपलेला टेकली. ढुशा देऊ लागली.

सगळे आता गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"वहिनी," घड्याळजींनी हळू विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

मी वाकून गाडी बंद केली. "रोज येते," मी म्हटलं.

बारक्याचा चेहरा पांढरा पडला. घड्याळजी मात्र स्टुलावरून उठले, गाडी उचलून डोळ्याजवळ नेली. "हिचं लग्न कोणी लावलं?"

मैदानावर रिमोट आणि गाडी एकमेकांशी जोडण्याला लग्न लावणं म्हणतात. ह्यांचाच शब्द तो.

"दादाने," बारक्या म्हणाला. "गाडीत सिग्नल पकडणारा नवा रिसीव्हर टाकला होता. गेला त्याच्या आदल्याच संध्याकाळी. मैदानावर आणायला वेळच मिळाला नाही त्याला."

"मग बरोबर." घड्याळजी माझ्याकडे वळले. घड्याळ बिघडलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं समजावून सांगू लागले. "वहिनी, घाबरू नका. लग्न लावताना रिमोट ज्या स्थितीत असतो ना, ती स्थिती गाडी लक्षात ठेवते. पुढे कधी सिग्नल तुटला, तर तेवढंच करत राहते. म्हणून त्या वेळी रिमोटला हात लावायचा नाही. वेगाचा ट्रिगर मोकळा, रिमोटवरचं वळवायचं चाक सरळ. म्हणजे गाडी काय लक्षात ठेवते? थांबायचं. इथे त्यांचं बोट ट्रिगरवर राहिलंय."

"ते बोट त्याचं सरळ होत नव्हतं," बारक्या म्हणाला. "पंपाच्या झाकणात सापडलेलं."

"बोटाचं समजलं. पण चाक डावीकडे कसं? पंपवाल्यांच्या हातून अशी चूक व्हायची नाही. त्या वेळेला त्यांनी वळून बघितलं असणार, कुठेतरी..."

बोलता बोलता त्यांची नजर शेडवरच्या पाटीवर गेली. बाकीच्यांचीही गेली. एरवी त्या पाटीवर हसल्याशिवाय माणूस पुढे जात नाही. कोणी हसलं नाही.

मला सगळं दिसलं. ती संध्याकाळ. टेबलावर लाल दिवा लुकलुकत होता, हे म्हणाले होते, "थांब गं जरा, लग्न लावतोय." मी आत भांडी घासत होते आणि नळ गळत होता. कितीतरी दिवस गळत होता. गावाला पाणी पुरवणाऱ्याच्या घरचा नळ. थांब म्हटल्यावर मी थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही. दारात येऊन म्हटलं, "अहो." हे वळले. मान, खांदे, हात, हातातला रिमोट. म्हणाले, "काय?" आणि त्यांचा तो दमलेला, तरी खुशीत असलेला चेहरा बघून मला वाटलं, जाऊ दे, नळाचं उद्या सांगू. म्हटलं, "काही नाही. असू दे."

दिवा लुकलुकायचा थांबला होता. उद्या काही उगवला नाही.

म्हणजे इतके दिवस ती माझ्याकडे येत होती, असं मी समजत होते. ती नुसतं "काय?" विचारत होती. रोज. मी हाक मारायचे आणि पुढचं काही सांगायचेच नाही.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"पुन्हा लग्न लावावं लागेल. त्याशिवाय पळवता येणार नाही, कोणाच्या पायात गेली तर काय घ्या." घड्याळजी घुटमळले. "नाहीतर घरी न्या. आहे तशी ठेवा. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही."

"आणि लग्न लावलं की आधीचं?"

"ते पुसलं जाणार, वहिनी."

बारक्या पटकन म्हणाला, "राहू दे. मी माझी आणतो. घरी नेऊ या हिला." पोर चांगलं आहे.

मी गाडीकडे बघितलं. त्या स्प्रिंगा, ते तेल, आत वळवलेली चाकं, ते सगळं ह्यांनी मन लावून, एवढी वर्षं मातीचा स्वभाव ओळखून केलेलं. आणि हे वळणं, हे चुकून झालेलं. माझ्यामुळे. पण माझ्या वाट्याला आलं ते हेच. घरी नेली असती तर जन्मभर पुरली असती. रोज दुपारी अहो, रोज टेबलाखालून, खुर्चीला वळसा घालून. मी म्हातारी होईन, आणि ते माझ्या पायाशी येऊन विचारत राहतील. सांगायला माझ्याकडे एक गळका नळ.

रडू आलं मला. सगळ्यांसमोर, तोंडाला पदरही न लावता रडले. मग नाक पुसलं आणि म्हटलं, "आण तो रिमोट. कुठे दाबायचं ते दाखव."

"मी करतो ना, वहिनी."

"मीच करणार."

बारक्याने गाडीचं वरचं झाकण काढलं. आत काडेपेटीएवढी डबी, तिला बारीक बटण. घड्याळजींनी आपली टोकदार काडी माझ्या हातात दिली. रिमोट बारक्याने खाली मातीवर ठेवला, कोणी हात लावायचा नाही असा. मी काडीने बटण दाबून धरलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. तेवढ्यात सांगायचं होतं, जास्त वेळ नव्हता. मी खाली वाकले आणि हळूच म्हटलं, "अहो, काही नाही. तुमचं चालू द्या."

दिवा लुकलुकायचा थांबला.

घड्याळजींनी गाडी जमिनीवर ठेवली आणि रिमोट बंद करायला लावला. ती जागच्या जागी उभी राहिली. बराच वेळ आम्ही बघत होतो. शेडमधल्याही काहीजणी बघत होत्या. मग ते म्हणाले, "पास," आणि चष्मा पुसायला लागले.

शर्यत सुरू झाली तेव्हा ऊन चढलं होतं. बारक्या मचाणाच्या टोकाला, इतरांच्यात काडीसारखा. मी शेडच्या पुढच्या बाकावर. धूळ एवढी उडाली की कोणती गाडी कोणाची ते सुरुवातीला कळेना. मग हळूहळू ओळखायला लागले. बाकीच्या आदळत होत्या, उड्या मारत होत्या, वळणावर शेपटी फेकत होत्या. एक उलटी होऊन हवेत चाकं फिरवत पडली. ह्यांची गाडी मात्र उंचवट्यावरून उतरायची आणि थप्प. थप्प. एवढ्या गोंगाटात मला तेवढंच ऐकू येत होतं.

शेवटची फेरी. पुढे दोन गाड्या, मागे ही. ते शेवटचं वळण आलं, उजवीकडचं, भुकटी साचलेलं. पुढच्या दोघी वेग कमी करून, चाचपडत आत शिरल्या. बारक्याने वेग कमी केला नाही. मी बाक घट्ट धरला. गाडी मागच्या चाकांवर बसली, बाहेर सरकली, आता गेली असं वाटलं, आणि त्या मऊ दातांनी कुठेतरी खालची कडक जमीन धरली. अख्खं वळण तिने एका दमात काढलं. दोघींच्या बाजूने सरळ रस्त्याला लागली.

ह्यांचं बरोबर होतं. ही गाडी ते वळण घेत होती. आणि हे इथे हवे होते, ते वळण आत्ताच्या आत्ता कोणीतरी ह्यांना दाखवायला हवं होतं. पाटी डोक्यावर होती, पण मी भान विसरले आणि दवाखान्यातल्या माझ्या त्या खणखणीत आवाजात ओरडले, "अहो!"

मचाणावरच्या सगळ्या नवऱ्यांच्या माना वळल्या. माना, खांदे, हात. मैदानभर पसरलेल्या गाड्या एकदम डावीकडे वळल्या आणि बांधाकडे धावल्या.

बारक्याला अहो म्हणणारं कोणी नाही. आमची गाडी सरळ गेली.